बेंटोटाला लग्न, मराठवाड्यातून वऱ्हाड: पाहुण्यांना काय काय दाखवावं?

लातूरचा_मामा

राम राम मंडळी. भाचीचं लग्न फेब्रुवारीत श्रीलंकेत ठरलंय, बेंटोटाला, समुद्राच्या काठावर रिसॉर्ट आहे. मुलाकडचे चेन्नईचे, त्यांना जवळ पडतं आणि पोरांच्या मनात समुद्रच होता. आमच्याकडून चाळीसेक माणसं जायलेत, त्यातल्या बऱ्याच जणांचा पासपोर्ट या लग्नासाठीच निघालाय. मांडव, जेवण, फुलं सगळं रिसॉर्टवाले बघणार, माझ्याकडं काम आलंय पाहुण्यांना फिरवायचं.

कार्यक्रम असाय की पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळे पोहोचणार, दुसरा दिवस मोकळा पण संध्याकाळी मेंदी-संगीत, तिसऱ्या दिवशी सकाळी हळद आणि संध्याकाळी लग्न, नंतर ज्यांना थांबायचंय त्यांच्याकडं तीन दिवस आहेत. मी मामा असल्यामुळं हळदीपासून नवरीला बोहल्यावर आणेपर्यंत मला हलता येत नाही, म्हणून जे काय ठरवायचं ते आधीच लिहून प्रत्येकाच्या हातात द्यावं म्हणतो.

माणसं सगळ्या तऱ्हेची आहेत. आई अठ्ठ्याहत्तरची, गुडघे दुखतात पण सीतामाईचं मंदिर बघायचं म्हणून आत्तापासून बसलीय. आत्या आणि तिकडचे तिघं-चौघं माळकरी. आईच्या शाळेतल्या एक जुन्या बाई आहेत, त्या बौद्ध आहेत, त्यांना कँडीला बुद्धांच्या दंतधातूच्या मंदिरात जायचंच आहे. पोरंपोरी वीस-बावीसची, त्यांना सिगिरियाचा उंच खडक चढायचाय. आणि लहान लेकरं सहा-सात. ट्रॅव्हलवाल्यानं एकाच दिवसात कँडी आणि सिगिरिया करून परत बेंटोटा असा प्लॅन पाठवलाय, ते जमतंय का? कुणी गेलेलं असेल तर मोकळेपणानं सांगा.

बीडकर_सध्या_कोलंबो

दादा, नमस्कार. मी मूळ बीडचा, नोकरीनिमित्त कोलंबोत राहतो. तो एका दिवसाचा प्लॅन आत्ताच रद्द करा. नकाशावर हा देश एवढासा दिसतो म्हणून लोक फसतात, एक्सप्रेसवे सोडला की रस्ता दोन पदरी, गावागावातून जाणारा, बस आणि टुकटुकच्या मागं ताशी पस्तीस-चाळीसच्या वर गाडी जात नाही. बेंटोटाहून सिगिरिया एका बाजूलाच पाच तास धरा. म्हणजे दहा तास गाडीत आणि वर चढायला माणूस अर्धमेला, संध्याकाळी संगीत असंल तर नवरीच्या मैत्रिणी तिकडंच झोपलेल्या सापडतील.

माझं म्हणणं असंय की लग्नाच्या आधी बेंटोटाच्या आसपास तास-दीड तासाच्या आतलं बघायचं, आणि लांबचं सगळं लग्न झाल्यावर, तेही परत बेंटोटाला न येता तिकडूनच विमानतळ गाठायचा. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला काटुनायकेला आहे, सिगिरियाच्या बाजूनं येताना कोलंबो शहरात शिरावंच लागत नाही. तुमच्या ट्रॅव्हलवाल्यानं हे कामून केलं नाही कळत नाही.

जवळचं काय ते सांगतो. सगळ्यात पहिलं मादू गंगा, बालापिटियाला, बेंटोटापासून अर्धा-पाऊण तास. खाडीसारखं मोठं पाणी, त्यात छोटी छोटी बेटं, बोट खारफुटीच्या फांद्यांच्या बोगद्यातून जाते. एका बेटावर कोथदूवाचं बुद्ध मंदिर, एका बेटावर दालचिनी सोलून दाखवतात. ती नक्की बघा, कारण आपण घरी जी जाड सालीची दालचिनी वापरतो ती बहुतेक वेळा दुसऱ्याच झाडाची असते, इथली खरी दालचिनी कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची गुंडाळी असते आणि वासाला गोड. दाखवणाऱ्याला थोडे पैसे द्यायची पद्धत आहे. दीड-दोन तासांत होतं, बसूनच बघायचंय म्हणजे आईंनाही चालंल, फक्त बोटीत चढताना दोघांनी हात द्या आणि लाईफ जॅकेट मागून घ्या, मागितल्याशिवाय काही बोटवाले देत नाहीत. सकाळी आठच्या आत निघा, नंतर ऊन चटकतं.

कोसगोडाला कासवांची अंडी उबवायची केंद्रं आहेत, तिथनं जवळच. समुद्री कासवांच्या जगात सात जाती, त्यातल्या पाच श्रीलंकेच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. लेकरांना लई आवडतं. पण केंद्र निवडताना बघा, काही ठिकाणी पिल्लं दिवसभर टाकीत ठेवून पर्यटकांच्या हातात देतात, ते त्या जिवाला चांगलं नाही. पिल्लं लवकर समुद्रात सोडतात आणि हात लावू देत नाहीत तिथं जा.

मग गॉलचा किल्ला. पोर्तुगीजांनी सुरुवात केली १५८८ साली, नंतर डचांनी आज दिसतो तसा बांधला, १९८८ पासून जागतिक वारसा. आपल्या देवगिरीसारखी चढाई अजिबात नाही, तटावरून सपाट चालायचं, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला क्रिकेटचं स्टेडियम. आत माणसं राहतात, शाळा आहे, कोर्ट आहे, मशीद आहे, १७५५ चं डच चर्च आहे, दीपगृह आहे. दुपारी दगड तापलेला असतो, चारनंतर जा आणि सूर्य बुडेपर्यंत थांबा. बेंटोटाहून एक्सप्रेसवेनं तासाभरात, किनाऱ्याच्या रस्त्यानं दीड तास. तरुण पोरांना मात्र मी रेल्वेनं जायला सांगीन, अलुथगामा स्टेशनवरून गाडी पकडायची आणि जाताना उजव्या हाताला बसायचं, समुद्र अगदी रुळांच्या कडेला येतो. गर्दी असते, तिकीट साधं असतं, पण ती वाट विसरत नाही माणूस.

एक महत्त्वाचं राहिलं. लग्नाची तारीख पौर्णिमेला तर नाही ना ते बघा. इथं प्रत्येक पौर्णिमेला पोया म्हणून सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवशी दारू विकत नाहीत आणि मटणाची दुकानं बंद असतात. तुमच्याकडच्या माळकऱ्यांना उलट बरंच वाटंल, पण चेन्नईवाल्यांची पार्टी असंल तर त्यांना आधी सांगावं लागंल. देवळांना मात्र त्या दिवशी प्रचंड गर्दी, पांढऱ्या कपड्यातली माणसं फुलं घेऊन रांगेत.

नांदेडची_सूनबाई

मामा, मी माझ्या सासूबाईंना आणि मावशींना घेऊन श्रीलंका करून आलेली आहे, म्हणून जेवणाचं मी सांगते कारण तिथंच म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात आणि मग कितीही सुंदर जागा दाखवा त्यांचं मन लागत नाही.

तिथं भात आणि चार-पाच भाज्या असं ताट असतं, वरण असतं त्याला परिप्पू म्हणतात, नारळाच्या दुधातलं, ते सगळ्यांना चाललं. आप्पे नाही पण आप्पम असतात वाटीसारखे, शेवयांसारखे इडिअप्पम असतात, फणसाची भाजी असते, बिटाची असते. गोष्ट अशी आहे की नारळाची लाल चटणी येते, पोल सांबोल, ती बघायला आपल्या खोबऱ्याच्या चटणीसारखीच आणि चवीलाही मस्त, पण त्यात बऱ्याचदा सुका मासा कुटून घातलेला असतो, उंबलकड म्हणतात त्याला. कधी कधी भाजीतही चवीला टाकतात आणि तरी वाढणारा माणूस व्हेजच म्हणतो, कारण त्याच्या लेखी मटण-माशाचा तुकडा दिसला तरच नॉनव्हेज. तुमच्या आत्याबाई माळकरी आहेत म्हणून रिसॉर्टला मेलवर लिहून द्या, मटण, मासा, अंडं, सुका मासा यातलं काहीच नको, कढई आणि चमचेपण वेगळे. आणि रस्त्यात खाताना दोन शब्द पाठ करून ठेवा, मास एपा, मालू एपा, म्हणजे मटण नको, मासा नको. आमच्या मावशींनी ते एवढं पाठ केलं की हॉटेलात शिरल्या शिरल्या हसून तेच म्हणायच्या आणि लोक लगेच आत नेऊन भाज्या दाखवायचे.

घरून धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, येसर, लिंबाचं लोणचं नीट पॅक करून चेक-इनच्या बॅगेत घ्या. धपाटे तीन दिवस आरामात राहतात. कच्ची फळं-भाज्या नेऊ नका. आणि म्हशीचं दही मातीच्या मडक्यात मिळतं, त्यावर माडाच्या जातीच्या झाडाचा काकवीसारखा पाक घालून देतात, किथुल म्हणतात, तेवढं सगळ्यांना खायला घाला, आमच्याकडं जेवण आवडलं नाही म्हणणारी माणसं ते दोन-दोन वाट्या खायची. रस्त्याच्या कडेला केशरी रंगाची शहाळी मिळतात, थंबिली, उन्हात तीच प्या.

आता आईंबद्दल. विमानाची व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवून टाका, फुकट असते आणि इमिग्रेशनची रांगही सोपी जाते. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरची चिठ्ठी सोबत. देवळात चप्पल बाहेर काढावी लागते आणि फरशी तव्यासारखी तापते, म्हणून प्रत्येकाच्या पिशवीत जाड मोजे द्या, मोजे चालतात. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, साडीला काही अडचण नाही, पोरींना एक एक ओढणी जवळ ठेवायला सांगा. आणि एका दिवसात एक जागा सकाळी, एक संध्याकाळी, मधे दुपारची झोप. ज्येष्ठांसाठी याच्यापेक्षा जास्त ठेवू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे, फोटो कमी निघतील पण लग्नात सगळे ताजेतवाने दिसतील.

लेणी_आणि_वाटा

संभाजीनगरहून लिहितोय. पोरांना सिगिरिया चढायचंय म्हणालात म्हणून राहवलं नाही.

निघायच्या आधी एक दिवस काढून सगळ्या तरुण मंडळींना अजिंठ्याला न्या. सतरा नंबरच्या लेण्यात उजव्या भिंतीवर सिंहल अवदान या बौद्ध कथेचं मोठं चित्र आहे, सिंहल नावाचा व्यापारी, त्याचं बुडालेलं जहाज, बेटावरच्या राक्षसिणी, आणि मग हत्ती-घोडे घेऊन बेटावर उतरलेलं सैन्य. म्हणजे ज्या बेटावर तुम्ही लग्नाला जायलात त्या बेटाची गोष्ट आपल्या मराठवाड्यातल्या डोंगरात पाचव्या शतकात रंगवून ठेवलीय. आणि गंमत म्हणजे सिगिरियाच्या कड्यावरची चित्रंही पाचव्याच शतकातली, राजा कश्यपच्या काळातली, त्यानं ४७७ ते ४९५ राज्य केलं. अजिंठ्यात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात काम चाललं होतं ते जवळपास हेच दिवस. त्या बायकांचे डोळे, हातातली फुलं, अंगावरचे दागिने बघितले की दोन्हीकडच्या चित्रकारांची जातकुळी एक वाटते. आधी अजिंठा डोळ्यात साठवून सिगिरिया बघितला तर तो नुसता उंच दगड राहत नाही. अजिंठा सोमवारी बंद असतो तेवढं लक्षात ठेवा.

सिगिरियाला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, काही ठिकाणी लोखंडी जिना कड्याला लटकलेला. सकाळी दार उघडतं तेव्हाच आत शिरायचं, नऊनंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतं. चित्रांचे फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे, निवांत बघता येतं. पुढं आरसा भिंत लागते, तिच्यावर आठव्या ते दहाव्या शतकात येऊन गेलेल्या साध्या साध्या माणसांनी चित्रातल्या बायकांवर कविता कोरून ठेवल्यात, सिंहली भाषेच्या अभ्यासकांसाठी तो खजिना आहे. वर जाताना सिंहाचे दोन प्रचंड पंजे, त्यांच्या मधून शेवटचा जिना. आवाज करू नका, कड्यावर आग्या मोहळाच्या माशांची मोठी पोळी असतात आणि त्या उठल्या की वाट बंद करतात. ज्यांना चढायचं नाही त्यांनी खाली पाण्याच्या बागांमध्ये थांबावं, दीड हजार वर्षांपूर्वीची कारंजी आहेत, पाऊस चांगला झाला की आजही त्यातून पाणी उसळतं, आणि म्युझियम छान आहे.

तिकीट परदेशी माणसांना महाग आहे पण आपल्यासारख्या सार्क देशातल्यांना कमी लागतं, पासपोर्ट हातात पाहिजे, झेरॉक्सवर वाद घालावा लागतो. चाळीस माणसांच्या हिशोबात हा फरक मोठा आहे.

तिथनं अर्ध्या तासावर डंबुल्ला. पाच लेणी, आत झोपलेला बुद्ध आणि छतभर रंगवलेली चित्रं, छत खडकाचं असल्यामुळं वरखाली आहे आणि चित्रंही कापडाच्या झालरीसारखी त्या उंचवट्यांवरून वाहत गेलीत. चढ आहे, पण सिगिरियाच्या मानानं काहीच नाही, हळूहळू थांबत थांबत पासष्टीची माणसं चढतात. वेळ कमी असंल आणि एकच करायचं असंल तर ज्येष्ठांना डंबुल्ला, पोरांना सिगिरिया, असं वाटून द्या.

परभणी_ते_पाटलीपुत्र

जय भीम मामा. तुमच्या आईंच्या मैत्रीण बाईंचं वाचून आनंद झाला. त्यांना कँडीला नक्की न्या आणि घाईत नेऊ नका.

दळदा मालिगावा म्हणजे बुद्धांच्या दंतधातूचं मंदिर. पूजेच्या वेळा पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहा अशा असतात, त्या वेळेलाच ढोल वाजतात आणि आतल्या खोलीचं दार उघडतं, धातू दिसत नाही पण ज्या सोन्याच्या करंडकात ठेवलाय तो लांबून दिसतो. मधल्या वेळेला गेलात तर बंद दारासमोरून फिरून याल. कँडीत रात्री मुक्काम करून संध्याकाळची पूजा धरावी, रांग लांब असते, अर्धा-पाऊण तास आधी उभं राहायचं. पांढरी साडी नेसायला सांगा बाईंना, तिथल्या सगळ्या बायका पांढऱ्यात असतात. बाहेर निळी आणि पांढरी कमळं मिळतात.

बाबासाहेब मे १९५० मध्ये कँडीला जागतिक बौद्ध परिषदेला आले होते. त्याच वर्षी औरंगाबादला त्यांचं मिलिंद कॉलेज सुरू झालं. आपल्याकडच्या माणसाला त्या गावात उभं राहिल्यावर हे आठवणारच, म्हणून बाईंना तळ्याकाठी थोडा वेळ निवांत बसू द्या, गाडीवाल्याला घाई करू देऊ नका.

ज्यांना लग्नानंतर थांबायचं नाही त्यांच्यासाठी बेंटोटाजवळच अलुथगामाला कांदे विहार आहे, तिथं बसलेल्या बुद्धांची दीडशे फुटांच्या वर उंच मूर्ती आहे, अर्ध्या दिवसात होतं. आणि कोलंबोत गंगारामय हे बौद्ध मंदिर. अनुराधापुराचा मोह होईल, संघमित्रेनं आणलेल्या बोधीवृक्षाच्या फांदीपासून वाढलेलं झाड तिथं आहे, तेवीसशे वर्षं त्याची राखण चाललीय, पण ते सिगिरियाच्याही पुढं आहे. बाईंची तब्येत बरी असंल आणि त्यांच्यासोबत जायला कुणी तयार असंल तर एक वेगळी छोटी गाडी करा, सगळ्या वऱ्हाडाला ओढू नका.

फोटोबद्दल सगळ्यांना बजावून ठेवा. मूर्तीकडं पाठ करून सेल्फी काढायची नाही, तिथं तो अपमान समजतात आणि सुरक्षारक्षक येऊन फोटो पुसायला लावतात. हातावर बुद्धाचा टॅटू असंल तर फुल बाह्या घाला, त्यावरून पर्यटकांना देशाबाहेर पाठवल्याच्या घटना झालेल्या आहेत.

लातूरचा_मामा

एवढं मनापासून लिहिलंत, लई उपकार झाले सगळ्यांचे. एक दिवसाचा प्लॅन रद्द, तसं ट्रॅव्हलवाल्याला आत्ताच फोन करून सांगितलं. पण आईच्या सीतामाईचं काय करू? नुवारा एलियाला आहे म्हणतात.

बीडकर_सध्या_कोलंबो

हो, सीता एलिया नावाचंच गाव आहे, नुवारा एलियाच्या पुढं पाच किलोमीटर. दक्षिणी पद्धतीचं रंगीत गोपुर, शेजारून ओढा वाहतो आणि ओढ्याच्या खडकावर हनुमंताची पावलं म्हणून दाखवतात, अशोकवन इथंच होतं अशी श्रद्धा आहे. जागा शांत आहे, गाडी अगदी दारात जाते, आईंना चालावं लागणार नाही. अडचण वाटेची आहे. बेंटोटाहून सहा तासांच्या वर घाट, वळणावर वळण, आणि वर सहा हजार फुटांची उंची, फेब्रुवारीत पहाटे स्वेटर-शाल लागते. वाटेत रंबोडाला हनुमानाचं मोठं मंदिर आहे, चिन्मय मिशनचं, तिथं थांबून दम घेता येतो, आणि चहाचे मळे तर दोन्ही बाजूंना.

मी असं करीन. लग्नानंतर दोन गाड्या करा. एक गाडी आईंची, त्यात माळकरी मंडळी: बेंटोटाहून कँडीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी रंबोडा करत नुवारा एलिया, सीतामाईचं दर्शन, तिथं मुक्काम, तिसऱ्या दिवशी थेट विमानतळ, पाच-सहा तास धरा आणि विमान रात्रीचं घ्या. दुसरी गाडी पोरांची आणि लेणी बघणाऱ्यांची: कँडी, डंबुल्ला, सिगिरिया, विमानतळ. पहिल्या रात्री कँडीत सगळे एकत्र, म्हणजे बाईंची पूजाही होते. डोंगरातली रेल्वे सुंदर आहे पण पावसात दरडी पडून बंद राहते, निघायच्या आठवड्यात चौकशी केल्याशिवाय तिच्यावर बेत आखू नका.

आणि आईंना एवढा घाट झेपणार नसंल तर गॉलजवळ रुमस्साला टेकडी आहे, पाच-सहा किलोमीटरवर. हनुमंत संजीवनीचा डोंगर घेऊन जाताना त्याचा तुकडा इथं पडला असं लोक मानतात, औषधी झाडं आहेत, आणि वर जपानी लोकांनी बांधलेला पांढरा शांतिस्तूप आहे, खाली सगळा समुद्र. आई आणि बाई दोघी एकाच गाडीत जातील आणि दोघींचं दर्शन होईल. मामा, तुमच्यासाठीही हेच सोयीचं, दुपारी जाऊन मेंदीच्या आत परत येता.

किल्लारी_परिसर

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. बेंटोटाहून किनाऱ्याच्या रस्त्यानं गॉलला जाताना हिक्काडुवाच्या अलीकडं पेरालिया म्हणून गाव लागतं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा किनाऱ्यानं जाणारी रेल्वे तिथं उभी होती, लाट बघून आसपासची माणसंही डब्यात चढली, आणि दुसरी लाट गाडीच घेऊन गेली. दीड हजारांहून जास्त माणसं त्या एका गाडीत गेली. तिथं स्मारक आहे, पाण्याच्या मधोमध बुद्धाची उभी मूर्ती आहे, आणि जवळच वाचलेल्या माणसांनी फोटो जमवून केलेलं छोटं म्युझियम आहे.

लग्नाच्या वऱ्हाडाला असल्या जागी कशाला न्यायचं असं कुणी म्हणंल. मी आमच्या भागातल्या माणसांसाठी सांगायलोय. आम्ही ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप बघितलेला आहे, मामांच्या वऱ्हाडातही औसा-निलंग्याकडची, त्या रात्रीची माणसं असतीलच. मी तिथं गेलो तेव्हा म्युझियममधल्या बाईंना सांगितलं की आमच्याकडं भूकंपात गावंच्या गावं गेली, त्यांनी उठून माझा हात धरला, भाषा येत नव्हती आम्हाला एकमेकांची. अर्धा तास पुरतो. लहान लेकरांना नेऊ नका, आतले फोटो कठीण आहेत, आणि हळदीच्या दिवशी जाऊ नका. गॉलला जाताना थांबा, येताना नको, म्हणजे संध्याकाळ किल्ल्यावर जाते. निघताना तिथल्या पेटीत काहीतरी टाका, ती माणसं त्यावरच ते चालवतात.

नांदेडची_सूनबाई

हे वाचून वाटलं की जाताना आम्हीही तिथून गेलो असणार आणि ड्रायव्हरनं सांगितलंच नाही. मामा, ड्रायव्हरला आधीच कागदावर लिहून द्या कुठं कुठं थांबायचंय. नाहीतर ते त्यांच्या ओळखीच्या मसाल्याच्या बागेत आणि रत्नांच्या दुकानात नेतात, तिथं तासन्‌तास जातात आणि वस्तू दुप्पट भावात. रत्नं घेऊच नका हो ओळखीशिवाय. चहा आणि दालचिनी साध्या सुपरमार्केटातून घ्या.

लातूरचा_मामा

औसा-निलंग्याचं बरोबर बोललात दादा, आमचे दोन साडू तिकडचेच आहेत. त्यांना विचारतो, जायचं म्हणाले तर मीच सोबत जातो, गॉलची गाडी मेंदीच्या दिवशी सकाळी लवकर सोडू आणि तेवढा वेळ काढू. मग गॉलला उन्हातच पोहोचतोय, पण टोप्या घेऊ.

आईला रुमस्सालाचं सांगितलं, तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली सीतामाईचंच, घाट असू दे. म्हणून दोन गाड्या पक्क्या. आत्तापर्यंत अकरा माणसं आईच्या गाडीत, चौदा पोरांच्या गाडीत, बाकीचे लग्न झालं की परत.

आता शेवटचं, पैसे आणि कागदपत्रं. सगळ्यांना किती रोख न्यायला सांगू आणि व्हिसाचं काय?

बीडकर_सध्या_कोलंबो

व्हिसासाठी ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, ऑनलाईन काढायचं, फीचे नियम मधून मधून बदलतात म्हणून श्रीलंका सरकारच्या साईटवरच बघा, दलालाच्या साईटी हुबेहूब दिसतात आणि जास्त पैसे घेतात. पासपोर्टची मुदत इथं पोहोचायच्या तारखेपुढं सहा महिने पाहिजे, चाळीसच्या चाळीस पासपोर्ट आजच उघडून बघा, एखादा जुना निघतोच. नावाचं स्पेलिंग तिकिटाशी जुळतंय का तेही, आपल्याकडं आधारवर एक, पासपोर्टवर एक आणि लग्नानंतर तिसरंच असं असतंय.

पैशाचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२४ पासून इथं यूपीआय चालतं, मोठ्या दुकानांत आणि हॉटेलांत क्यूआर असतो, पण ज्यांच्या बँकेत परदेशातलं यूपीआय चालू करून घेतलंय त्यांचंच चालतं, ते भारतातूनच करून निघा. बोटवाला, शहाळंवाला, देवळाबाहेर चपला सांभाळणारा यांना रोखच लागते. आपल्या एका रुपयाला इथले साडेतीनच्या आसपास मिळतात, विमानतळावर बाहेर पडायच्या आधीच काउंटर आहेत, तिथं थोडे बदला. एक स्थानिक सिम प्रत्येक गाडीत तरी पाहिजे.

लातूर-नांदेडकडच्यांनी मुंबईला जाण्यापेक्षा हैदराबादहून बघा, थेट मिळालं तर उत्तम, नाहीतर चेन्नईवरून पुढं दीड तासाची फ्लाईट आहे, आणि चेन्नईवाले पाहुणे तुमच्याच विमानात भेटतील. विमानतळावर मोठ्या व्हॅन आधी ठरवून ठेवा, रात्री उतरून चाळीस माणसांना गाड्या शोधणं अवघड. आईंच्या गाडीचा ड्रायव्हर घाटाचा पाहिजे असं स्पष्ट सांगा, मी ओळखीत विचारतो आणि तुम्हाला निरोप टाकतो.